रकाना क्रमांक चार

नगरपंचायत झाली म्हणून नागपूरहून फॉर्म आला.
रकाना क्रमांक चार : गावाचे संस्थापक.
सायबांनी पेन्सिलीनं लिहिलं, "किल्लेदार?"
आणि प्रश्नचिन्हासकट कागद
माझ्या टेबलावर सरकवला.

अडणीचा किल्ला तुम्ही पाहिला नसेल.
सिवनीच्या वाटेवर, सातपुडा जिथं
गुडघे मुडपून बसल्यासारखा दिसतो,
तिथं चार बुरूज, एक खंदक,
खंदकात आता शिंगाड्याची वेल.
उत्तरेकडून शत्रू येईल म्हणून बांधला.
तीन पिढ्या पहारा झाला, बावा, तीन पिढ्या.
उत्तरेकडून आले बिब्बे, मोहाची फुलं,
एक हिंगवाला,
आणि दर पौषात थंडी.

दिवस बुडाला की नगारा.
नगारा थांबला की दार.
दाराला सागाचा अडणा, चौघांनी उचलायचा.
तो एकदा बसला की
किल्लेदाराचा जावई असो, पहाटेपर्यंत बाहेर.

आमचं गाव त्या अडण्याच्या बाहेरच्या अंगाला सुरू होतं.

पहिली अडकली सुकवारो इरपाची.
डोक्यावर टोपली, मागं लंगडी शेळी.
शेळीमुळं उशीर झाला, की उशीर झाला म्हणून
वाटेत शेळी सापडली,
सांगणारे दोन्ही सांगतात.
तिनं तीन दगड मांडले, आंबील शिजवली.
सकाळी दार उघडलं तर आधी पहारेकरीच बाहेर आला,
रात्रभर नुसता वास खाऊन.

मग गुणाजी हेडाऊ, खांद्यावर मागाची फणी.
मग चिंधू मारबते, ओलं जाळं घेऊन.
चुना भाजणारा नरसय्या तर
आतल्याच कामाला आलेला,
पण त्याला आत करमेना. म्हणे,
"तिथं सगळे एकाच दिशेला बघत राहतात जी."

एका रात्री दक्षिणेकडून मशाली दिसल्या.
दक्षिणेकडून!
किल्ल्यात धावपळ, दार दुपारपासूनच बंद,
बाहेरच्यांनी दार बडवलं, कुणी उघडलं नाही.
सुकवारोनं शेळी खंदकात उतरवली
आणि हातात उलथनं घेऊन उभी राहिली.
वरून तोफ उडाली.
जन्मात एकदाच उडालेली ती तोफ.
गोळा माणसांच्या डोक्यावरून पुढं जाऊन
काळ्या मातीत रुतला.

मशाली वरातीच्या होत्या.
रस्ता चुकलेली वरात, रडवेली नवरी,
आणि भीतीनं झाडावर चढलेला नवरा.
त्याला उतरवेपर्यंत मुहूर्त टळला, म्हणून
लग्न तिथंच लागलं, चिंधूच्या जाळ्याचा अंतरपाट धरून.
त्या रात्री आतल्यांनी दार लावून भीती खाल्ली,
बाहेरच्यांनी लाखोळीचं वरण.
नवरानवरी पुढं गेलीच नाहीत.

गोळ्याच्या खड्ड्याला पाणी लागलं, तीच बाजारातली विहीर
असं सगळे सांगतात.
मी टेप लावून मोजली आहे.
कुठल्याच गोळ्यानं एवढा खड्डा पडत नाही.
कुणीतरी पुढं खणलंय, खूप दिवस,
आणि त्याचं नाव कुणीच सांगत नाही.

किल्लेदाराचं नाव मात्र आहे. दगडात आहे.
अर्धं शेवाळात.

काल फॉर्म पिशवीत घालून निघाले
आणि नागपूरची सात-चाळीसची शेवटची एसटी सुटली.
स्टँडवर बसायला एकच जागा,
तो अडणा. दार मोडलं तेव्हा
कुणीतरी ओढत आणून दोन दगडांवर ठेवलेला,
बसून बसून गुळगुळीत झालेला.
आधीच चौघं होती, सरकली.
एक बाई नातवाला घेऊन मेडिकलला निघालेली,
एक पोट्टा पोलीस भरतीचा,
दोघं कुठले ते कळलं नाही.

पोह्यांची गाडी बंद होत आली होती.
गाडीवालीनं आमच्याकडं पाहिलं,
तर्रीचं पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं
आणि विचारलं,
"किती जण हाव जी?"

मी पिशवीतला कागद काढून
पोह्यांच्या बशीखाली धरला. बशी फार गरम होती.